मार्शमॅलो सोंवळ्यांत

गेल्या नाताळांत आमचा आठ वर्षांचा नातू येथील, म्हणजे वसईच्या एव्हरशाईन सिटींतील, आपल्या ख्रिस्ती मित्राकडून घरीं आला, तो रुमालांत एक बिस्किट बांधून. त्यावर मार्शमॅलोचा पांढरा मऊ गोळा व वर चॉकलेटचें आवरण. "आजोबा, हें आपल्याला चालतें का? मीं 'मग खाईन' म्हणून सांगितलें," असें तो हळूच म्हणाला. मित्राचें मन मोडूं नये आणि घरची रीतही मोडूं नये, म्हणून पोरानें तोंडचा घास राखून ठेवला, हें पाहून आम्हांस भरून आलें.

मास्तरकीच्या जुन्या खोडीप्रमाणें आम्ही मुळाकडे वळलों. मार्शमॅलो हें दलदलींत वाढणाऱ्या एका झाडाचें नांव. यूनानी वैद्यकांत त्यास खतमी म्हणतात. तें आपल्या भेंडी-जास्वंदीच्याच कुळांतलें. भेंडीचा बुळबुळीतपणा त्याच्या मुळांतही असतो. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्सांतील हलवाई त्या मुळाचा रस साखर व अंड्याचा पांढरा भाग यांसह घुसळून ही मिठाई करीत. पुढें मुळाची जागा जिलेटिननें घेतली, आणि तें जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढतात. म्हणून विकत घेतांना वेष्टनावर हिरवा ठिपका आहे ना, तें पाहावें.

मग घरींच कां करूं नये? कडधान्य शिजवलेलें पाणी घुसळल्यास अंड्याप्रमाणें फुलतें, हें जोएल रोसेल या फ्रेंच गायकानें २०१४ सालीं दाखवून दिलें. काबुली चणे मिठावांचून शिजवून निथळलेलें दाट पाणी अर्धा कप घ्यावें व चार थेंब लिंबाचा रस घालून यंत्रानें दहा मिनिटें, फेस ताठ होईपर्यंत, घुसळावें. दुसरीकडे अर्धा कप पाण्यांत दोन चहाचे चमचे चायना ग्रासची पूड घालून दोन मिनिटें उकळावी; ही पूड समुद्रशेवाळाची असते. मग एक कप साखर घालून एकतारी पाक करावा आणि गरम असतांनाच, घुसळणें न थांबवितां, बारीक धारेनें फेसांत ओतावा. लगेच कागदी शंकूनें साध्या गोल बिस्किटांवर गोळे पाडावे व तासाभरानें तीं वितळलेल्या चॉकलेटांत बुडवावीं. चॉकलेट वाफेवर ठेवलेल्या अगदीं कोरड्या भांड्यांत वितळवावें. पाण्याचा थेंब पडला तरी तें रवाळ होऊन आटतें.

पहिल्या खेपेस आम्ही सूनबाईंस भेंडीच्या कुळावर व्याख्यान देत राहिलों, आणि पाक पातेल्यांतच थिजला. चायना ग्रास चाळीस अंशांच्या आसपासच घट्ट होतो. "मामंजी, वर्ग सुटला आतां," म्हणून त्यांनीं पातेलें पुन्हा विस्तवावर ठेवलें. सुदैवानें तो पुन्हा वितळतो. जिलेटिनचा गोळा तोंडांत विरघळतो, हा दांताखालीं किंचित् तुटतो, फरक इतकाच.

दुसऱ्या दिवशीं नातू बारा बिस्किटें घेऊन मित्राकडे गेला. रुमालांतलें बिस्किटही त्यानें परत दिलें व खरें कारण सांगून टाकलें. रिकामा डबा घेऊन तो उड्या मारीत परतला. त्या मित्राच्या आजीनें कृति लिहून मागितली होती. तीच आम्ही येथें दिली आहे.