तिकीट कोणाला दिसावं?

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं दुरुस्तीचं काम ‘बगझिला’ या सॉफ्टवेअरवर चारचौघांत चालतं. प्रत्येक बिघाडाची नोंद म्हणजे एक तिकीट: काय बिघडलंय, कोण बघतंय, काम कुठवर आलंय, हे कोणीही वाचावं. काही तिकिटं मात्र झाकून ठेवतात, विशेषतः ब्राउझर फोडण्याची वाट दाखवणारी. ती दुरुस्ती होईपर्यंत मोजक्यांनाच दिसतात. अशाच मोजक्यांपैकी एकाच्या खात्यातून कोणीतरी निदान वर्षभर ही तिकिटं वाचत होतं, असं मोझिलाने सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केलं. खात्याच्या मालकाने तोच पासवर्ड दुसऱ्या एका साइटवर वापरला होता आणि तिथून तो फुटला.

बाहेरच्याने पाहिलेली बंद तिकिटं होती १८५. त्यांत गंभीर सुरक्षादोष ५३, पैकी ४३ आधीच दुरुस्त झालेले. उरलेल्यांतला एक दोष रशियातल्या एका बातम्यांच्या साइटवर फायरफॉक्स वापरणाऱ्यांविरुद्ध वापरला गेला, असा मोझिलाचा कयास होता.

पासवर्डबद्दल तेव्हा बरंच बोललं गेलं. पण एका खात्याला एवढं सगळं दिसत का होतं? मोझिलाने नंतर दुहेरी पडताळणी सक्तीची केली, शिवाय विशेष अधिकारांची खाती कमी केली आणि उरलेल्यांचे अधिकारही आवळले. कामापुरताच अधिकार द्यावा, हे संगणकशास्त्रज्ञ साल्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. ते पाळलं जात नाही, कारण रिलीजच्या संध्याकाळी ‘अरे, तेवढं मला ॲडमिन करून टाक ना’ म्हणणाऱ्याला नाही म्हणवत नाही. द्यायला एक क्लिक पुरते. काढून घेताना मात्र मानापमान उभा राहतो.

म्हणून परवानगी माणसाला न देता रोलला, म्हणजे कामातल्या भूमिकेला, द्यायची. संगणकशास्त्रज्ञ फेरायओलो आणि कून यांनी १९९२ मध्ये ही कल्पना नीट मांडली. तिकिटं सांभाळणाऱ्या ‘रेडमाइन’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रोल प्रकल्पागणिक असतो: एकच बाई इथे मॅनेजर, शेजारच्या प्रकल्पात फक्त तक्रार नोंदवणारी. गंमत अशी, की एकाच प्रकल्पात दोन रोल दिले तर अधिकारांची बेरीज होते. ‘कमी अधिकारांचा रोल जोडून दिला’ म्हणून कोणाचे हात बांधले जात नाहीत. बगझिलाचा हिशेब नेमका उलटा: तिकीट दोन गटांपुरतं ठेवलं, तर साधारणपणे दोन्ही गटांत असणाऱ्यालाच ते दिसतं. एकीकडून दुसरीकडे आलेले लोक इथे हमखास चकतात.

बगझिलात ईमेलच्या शेपटीवरून आपोआप गटात घेण्याचीही सोय आहे. कंपनीचा पत्ता, म्हणजे घरचा माणूस! २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की नोंदणीतल्या एका चुकीमुळे आपल्या ताब्यात नसलेल्या पत्त्यावरही खातं उघडता येत होतं, आणि त्यामागोमाग गटाचे अधिकारही मिळत होते. चूक लगेच दुरुस्त झाली. पत्त्यालाच ओळखपत्र मानणारे नियम मात्र आजही कितीतरी ठिकाणी भेटतात.

आणखी एक फसगत. रोलची मांडणी करतो ॲडमिन आणि ती जमली का हेही तोच स्वतःच्या खात्यातून बघतो. रेडमाइनमध्ये ॲडमिनला कुठलीच परवानगी आडवी येत नाही, त्यामुळे त्याला सगळं आलबेल दिसतं. सर्वांत कमी अधिकारांचं एक चाचणीखातं हाताशी ठेवावं, आणि एकदा लॉगआउट होऊनही प्रकल्प उघडून पाहावा. रेडमाइनमध्ये, सेटिंग बदललं नसेल, तर नवा प्रकल्प मुळातच सार्वजनिक असतो.