सत्तेची वाटणी आणि दारव्ह्याचा वाटा

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे गाव बाहेरच्या वाचकाला ठाऊक असलेच तर ते एकेकाळी मूर्तिजापूरहून यवतमाळकडे धावणाऱ्या शकुंतला रेल्वेमुळे. परंतु अठराव्या शतकात हेच दारव्हा एका राजपुत्राच्या वाट्याला आलेली जहागीर होते. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले इ.स. १७५५ मध्ये निधन पावले. त्यानंतरच्या व्यवस्थेत चार पुत्रांपैकी जानोजींना सेनासाहेब सुभा हे मुख्य पद मिळाले. मुधोजींना चांदा, बिंबाजींना छत्तीसगड आणि साबाजींना दारव्हा असे वाटे ठरले. वीस वर्षांनी, १७७५ मध्ये, हे साबाजी नागपूरजवळच्या रणांगणावर मारले गेले. त्यांच्यावर गोळी झाडणारा हात परक्याचा नव्हता. तो त्यांच्या भावाचा, मुधोजींचा होता.

एवढ्या कर्तबगार पुरुषाने उभे केलेले राज्य भावाभावांत वाटून जावे, यात आजच्या वाचकाला अदूरदृष्टी दिसणे स्वाभाविक आहे. एकछत्री राज्य ठेवून कामासाठी पगारी अधिकारी का नेमले नाहीत, हा प्रश्न सहज मनात येतो. हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी चीनमध्ये हान घराण्याची स्थापना करणाऱ्या लिऊ बांग या सम्राटाबाबतही इतिहासाचे अभ्यासक तो विचारत आले आहेत. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की घराण्याच्या संस्थापकाची अडचण नेमकी काय असते, हे अधिक स्पष्ट होते.

चीनमधील पेच

इ.स.पू. २२१ मध्ये छिन घराण्याच्या राजाने सारा चीन जिंकून स्वतःला ‘पहिला सम्राट’ म्हणवून घेतले. दूरच्या प्रदेशांवर राजपुत्रांना राजे म्हणून बसवावे, असा सल्ला त्याला एका मंत्र्याने दिला. ली सु या दुसऱ्या मंत्र्याने त्यास विरोध केला. पूर्वीच्या चौ घराण्याने हेच केले होते, आणि काही पिढ्यांतच ते नातलग एकमेकांचे वैरी बनले, असा त्याचा युक्तिवाद होता. सम्राटाला तो पटला. देशाचे छत्तीस प्रांत पाडून तेथे बदली करता येतील असे अधिकारी नेमण्यात आले. व्यवस्था अतिशय आधुनिक वाटावी अशी होती. पण पहिल्या सम्राटाच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांत, इ.स.पू. २०६ मध्ये, ती कोसळली. बंडे उसळली तेव्हा राजधानीच्या मदतीला धावून येईल असा एकही आप्त स्वतःच्या बळावर कोठे उभा नव्हता.

लिऊ बांग शेतकरी कुटुंबातून वर आलेला होता. छिन राजवटीचा अंत त्याने डोळ्यांनी पाहिला होता. इ.स.पू. २०२ मध्ये तो सम्राट झाला तेव्हा पूर्वेकडील विस्तीर्ण प्रदेश त्याच्या विजयी सेनापतींच्या ताब्यात होता, आणि त्यांना राजेपद देण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढील सात वर्षांत त्याने यांतील बहुतेकांना एकेक करून दूर केले. रिकाम्या झालेल्या गाद्यांवर त्याने आपले भाऊ, मुले आणि पुतणे बसविले. एका मुलाला तर सत्तरहून अधिक नगरे असलेले राज्य मिळाले. लिऊ वंशाबाहेरचा कोणी राजा होऊ पाहील तर सर्वांनी मिळून त्याच्यावर चालून जावे, अशी शपथही घेतली गेल्याचे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. पश्चिमेकडचा राजधानीभोवतीचा प्रदेश मात्र त्याने स्वतःकडे ठेवला.

आप्तांना सत्ता देण्यामागे केवळ पुत्रप्रेम नव्हते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सम्राटासमोर पर्याय तीनच होते. अधिकारी नेमावेत, तर ते संकटात टिकत नाहीत, हे छिन घराण्याने दाखविले होते. सेनापतींना मुलूख द्यावा, तर ते उद्या प्रतिस्पर्धी ठरतात, हे त्याने स्वतः अनुभवले होते. उरले ते रक्ताचे नाते. भावाला किंवा मुलाला राज्य दिले तर निदान घराणे बुडावे असे त्याला वाटणार नाही, कारण घराणे बुडाले तर त्याचेही राज्य जाईल. एवढाच त्यामागचा हिशेब होता.

भाम ते कटक

आता विदर्भाकडे वळू. रघुजी भोसल्यांच्या उदयाची पहिली पावले यवतमाळ जिल्ह्यातच उमटली आहेत. वऱ्हाड-गोंडवनातील वसुलीचे हक्क भोसल्यांना मिळाले ते छत्रपती राजारामांच्या काळात, परसोजी भोसल्यांच्या पराक्रमामुळे. पुढे शाहू महाराजांनी परसोजींना सेनासाहेब सुभा केले. त्यांचे पुत्र कान्होजी यांचे ठाणे आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे होते. रघुजी हे नात्याने कान्होजींचे चुलत पुतणे. कान्होजींचे सातारा दरबाराशी बिनसले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांच्यावर पाठविले ते रघुजींनाच. वणीजवळील मंदर येथे कान्होजींचा पाडाव झाला आणि त्यांना साताऱ्यास नेण्यात आले.

म्हणजे आप्त विश्वासाचा असतो आणि तोच सर्वांत धोकादायकही असतो, हे रघुजींना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. त्यांची स्वतःची गादीच त्याची साक्ष होती.

त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत रघुजींनी देवगडच्या गोंड राज्याच्या वारसाकलहात हात घालून नागपूर मिळविले, चांदा आणि छत्तीसगड अंमलाखाली आणले आणि बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. १७५१ च्या तहाने बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने ओडिशाचा मुलूख सोडला आणि चौथाईपोटी सालीना बारा लाख रुपये देण्याचे मान्य केले. नागपूर ते कटक हे अंतर सरळ रेषेतही सुमारे सातशे किलोमीटर भरते. मधे डोंगर, घनदाट अरण्ये आणि लहानमोठ्या संस्थानिकांचे मुलूख होते. पावसाळ्यात नद्या भरल्या की निरोप पोहोचणेही दुरापास्त होई.

अशा राज्यात फौज उभी करायची तर रोख पगार हवा, आणि तेवढी रोकड खजिन्यात क्वचितच असे. शिवाजी महाराजांनी फौजेला रोख वेतन देण्यावर आणि मुलूख तोडून न देण्यावर कटाक्ष ठेवला होता. पण राजारामांच्या काळात मोगलांशी चाललेल्या जीवनमरणाच्या झुंजीत तो नियम टिकणे अशक्य झाले. मुलूख जिंका आणि त्याच्या उत्पन्नावर फौज बाळगा, हीच मराठी सत्तेच्या विस्ताराची रीत बनली. मुलूख देणे म्हणजे फौज देणे, आणि फौज देणे म्हणजे बंडाचे साधन हाती देणे. मग ते कोणाच्या हाती द्यावे? भोसल्यांच्या पदरी बाहेरची कर्तबगार माणसे होतीच. भास्करराम कोल्हटकरांनी बंगालच्या मोहिमा चालविल्या आणि तेथेच १७४४ मध्ये दगाफटक्याने प्राण गमावले. ओडिशाचा कारभार पुढे शिवभट साठे यांच्यासारख्या सुभेदारांनी पाहिला. परंतु ती माणसे नेमणुकीची होती. वंशपरंपरेचा मुलूख आला तो पुत्रांच्याच वाट्याला.

शिवाय पुत्रांच्या दृष्टीने ही कृपा नव्हती, हक्क होता. शेतकऱ्याच्या घरी जमिनीत सर्व मुलांचा वाटा असतो. राजाच्या घरी तो कसा नसेल? ज्येष्ठ मुलाला सर्व आणि इतरांना काहीच नाही, असे ठरविले असते तर कलह वीस वर्षे थांबला नसता, तो पित्याच्या चितेपाशीच सुरू झाला असता. तसा तो सुरू झालाही. जानोजी वयाने मोठे होते, तर मुधोजी थोरल्या राणीचे पुत्र. दोघांनीही मुख्य पदावर हक्क सांगितला. वाटणी हा त्या भांडणावरचा तोडगा होता.

नाते कोठे तुटले?

ही व्यवस्था दोन्ही ठिकाणी काही काळ उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे. लिऊ बांगच्या मृत्यूनंतर त्याच्या राणीच्या माहेरच्या लू घराण्याने सत्ता बळकावली होती. इ.स.पू. १८० मध्ये ती मोडून काढताना लिऊ वंशातील राजांचे बळ कामी आले. छत्तीसगडात बिंबाजींनी रतनपूर येथे राहून सुमारे तीस वर्षे कारभार केला आणि तो दूरचा प्रदेश भोसल्यांच्या हाती टिकवून धरला.

मात्र नात्याचे बळ पिढीगणिक विरळ होत जाते. लिऊ बांग आणि त्याचा मुलगा यांत बापलेकाचे नाते होते. पण दोन पिढ्यांनंतर सम्राट आणि प्रांतिक राजे हे केवळ चुलत भाऊबंद उरले. लिऊ पी हा लिऊ बांगचा पुतण्या. त्याच्या राज्यात तांबे आणि मीठ विपुल होते, त्यामुळे तो श्रीमंत झाला होता. त्याचा मुलगा राजधानीत युवराजाबरोबर पटावरचा खेळ खेळत असता भांडण झाले, आणि युवराजाने पट फेकून मारल्याने तो मुलगा मरण पावला. पुढे तोच युवराज सम्राट झाला आणि प्रांतिक राजांचे मुलूख कमी करू लागला. तेव्हा, इ.स.पू. १५४ मध्ये, लिऊ पीच्या नेतृत्वाखाली सात राजांनी बंड केले. घराणे राखण्यासाठी नेमलेले आप्तच घराण्यावर उलटले.

नागपुरास एवढा वेळही लागला नाही. जानोजींना पुत्र नव्हता. त्यांनी मुधोजींचे पुत्र रघुजी यांना दत्तक घेण्याचे ठरविले होते. १७७२ मध्ये जानोजी वारले आणि साबाजींनी आपला हक्क पुढे केला. एकीकडे पुतण्याच्या नावाने मुधोजी, तर दुसरीकडे साबाजी. त्यात १७७३ मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुण्याची भाऊबंदकी आणि नागपूरची भाऊबंदकी एकमेकींत गुंतली. राघोबादादा मुधोजींच्या पाठीशी उभे राहिले, तर बारभाईंचा कल साबाजींकडे राहिला. २६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत साबाजींची सरशी होत होती. मुधोजींना शरण येण्यास सांगण्यासाठी त्यांनी आपला हत्ती जवळ नेला आणि त्याच वेळी मुधोजींच्या गोळीने ते कोसळले, असे इतिहासकार सांगतात. दारव्ह्याच्या वाट्याचा शेवट असा झाला.

फरक कोठे पडला?

दोन्ही घराण्यांनी आप्तांना सत्ता दिली, दोन्हींत रक्त सांडले. तरीही हान घराणे मधला अल्प खंड वगळता चारशे वर्षे टिकले आणि नागपूरचे राज्य शंभर-सव्वाशे वर्षांत संपले. याचे सर्व श्रेय वा दोष वाटणीला देता येणार नाही. इंग्रजांसारखा प्रतिस्पर्धी चीनपुढे नव्हता. तरीही दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, चीनमध्ये भाऊबंदांचा निवाडा करणारी सत्ता घरातच होती. सम्राटाचा स्वतःचा मुलूख आणि फौज एवढी होती की सात राजांचे बंड सुमारे तीन महिन्यांत मोडले. नागपूरच्या भावांचा निवाडा मात्र पुण्यास होई. निवाडा मागणारा नजराणा देई, आणि निवाडा देणाऱ्यालाही नागपूर फार प्रबळ झालेले नको असे. पुणे दुभंगले तेव्हा निवाडाही दुभंगला.

दुसरी, चीनच्या सम्राटांनी धडा घेतला. इ.स.पू. १२७ मध्ये सम्राट वू-ती याने असा हुकूम काढला की, प्रांतिक राजाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलूख थोरल्या मुलाकडेच न राहता धाकट्या मुलांनाही त्यात वाटा मिळावा. वरकरणी हा मोठा उदार हुकूम होता, कारण धाकट्या मुलांना तोवर काहीच मिळत नसे. प्रत्यक्षात काही पिढ्यांत मोठमोठी राज्ये तुकड्यातुकड्यांत विरून गेली. घरातील वाटणी हा ज्या राज्यांच्या बळाचा आधार होता, तिच्यानेच ती मोडली.

नागपुरास असा अवधी मिळाला नाही. १८०३ मध्ये अडगावच्या लढाईत फौजेचे नेतृत्व दुसऱ्या रघुजींचे बंधू व्यंकोजी यांच्याकडेच होते. त्या पराभवानंतर, १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने, कटकचा प्रदेश इंग्रजांकडे आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले. भाम, मंदर आणि दारव्हा ही रघुजींच्या घराण्याची जुनी भूमी त्यातच गेली. गादीचा वाद तरीही संपला नाही. १८१७ मध्ये दुर्बल परसोजी राजांचा खून झाला आणि त्यांचे चुलत बंधू आप्पासाहेब गादीवर आले. त्याच वर्षी सीताबर्डीच्या लढाईने नागपूरचे स्वातंत्र्य संपुष्टात आले.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले तेव्हा त्यांना औरस पुत्र नव्हता, आणि लॉर्ड डलहौसीने तेच कारण पुढे करून राज्य खालसा केले. १७५५ मध्ये हक्क सांगणारे चार पुत्र होते, ही अडचण होती. अठ्ठ्याण्णव वर्षांनी एकही नव्हता, हीच अडचण ठरली. राज्य घराचे असले की घरातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू हा साऱ्या मुलखाचा प्रश्न होतो. त्याची किंमत घराबाहेरचे लोक मोजतात. साबाजी आणि मुधोजी यांच्या फौजा वऱ्हाडात समोरासमोर आल्या तेव्हा ज्यांच्या शेतांतून त्या गेल्या, त्या कुणब्यांना वाटणीत कोणी विचारले नव्हते.