एकसारख्या गाड्या, खरी चुरस!

दोस्तांनो, ज्याचा खिसा जड त्याचीच गाडी पुढे, ही कसली शर्यत? अमेरिकेतल्या ‘एससीसीए’ या हौशी शर्यतपटूंच्या क्लबने १९८४ साली यावर तोड काढली. सगळ्यांना एकाच साच्याची गाडी! आधी इंजिन रेनोचं होतं, पुढे फोर्डचं आलं. या इंजिनाला चक्क सील असतं, म्हणजे ते उघडून गुपचूप ताकद वाढवायची सोयच नाही. वजनसुद्धा चालकासकट मोजतात. हडकुळ्या चालकाने गाडीत जादा वजन ठेवायचं!

टायरही सगळ्यांचे एकाच जातीचे. पण गंमत पाहा, नवा टायर रस्ता जास्त घट्ट धरतो. म्हणजे दर शर्यतीला नवे टायर घेणाऱ्याचा फायदा उरतोच! तुम्ही पंच असता, तर कोणता नियम केला असता?