नाईटचा डबा

रात्री दोनची इंजेक्शनं देऊन झाली की वॉर्डात सगळ्यांनाच भूक लागते. मामा खालून चहा घेऊन येतात, ड्रॉवरमधून फरसाण आणि बिस्किटं निघतात. प्रसूतीचा वॉर्ड असला तर कुणाच्या तरी नातेवाइकांनी दिलेले पेढे टेबलावर असतातच. मी इनचार्ज सिस्टर आहे. नवीन मुलगी पहिल्यांदा नाईटला येते तेव्हा औषधांच्या कपाटाआधी मी तिच्याशी या खाण्याबद्दल बोलते.

मेंदूच्या तळाशी साधारण 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून तो शरीराची वेळ ठरवतो. यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं असतात आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा प्रभाव असतो. पेशीतलं हे घड्याळ कसं चालतं, ते उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल मिळालं. रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं, त्यामुळे सकाळी सहज पचणारी पोळीभाजी मध्यरात्री खाल्ली तर साखर जास्त चढते. मेंदू रात्र धरून बसलेला आणि पोटाला मात्र दिवस उजाडलेला, अशी फारकत होते.

या फारकतीचा मनाशी संबंध आहे, हे बोस्टनमधल्या एका प्रयोगात दिसलं. 19 निरोगी माणसांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. काहींना दिवसा आणि रात्रीही जेवण दिलं, बाकीच्यांना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली, शिवाय उदासीसारख्या भावना 26 टक्क्यांनी आणि चिंता 16 टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. प्रयोग लहान आहे, तरी मला तो पटतो. तिसऱ्या-चौथ्या नाईटला मुली क्षुल्लक कारणावरून रडतात, पेशंटच्या नातेवाइकांवर खेकसतात आणि मग आपणच या कामाला नालायक आहोत असं मनाला लावून घेतात. त्यांना मी आधी विचारते, काल रात्री काय खाल्लंस आणि सकाळी किती झोपलीस?

माझं सांगणं साधं असतं. ड्युटीला निघण्याआधी घरी पोटभर जेव: भाकरी, उसळ, डाळ, अंडं. बारानंतर शक्यतो पाणीच, अगदीच राहवेना तर मूठभर शेंगदाणे. (मधुमेह असलेल्या किंवा गरोदर सिस्टरने मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.) चारनंतर चहा नको, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, म्हणजे नऊला अंथरुणावर पडताना ते अंगात असतंच. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही, हेही सांगते. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आहे. लोह कमी असलं की आडवं पडल्यावर पायांत वळवळ सुरू होण्याची शक्यता वाढते, आणि आलेली झोपही जाते.

झोप कमी पडली की भूक बदलते. शिकागोत 2004 साली 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. फरसाणाकडे हात का जातो याचं उत्तर त्या मुलीच्या घरी, सकाळच्या मोडलेल्या झोपेत असतं.

तिथेच माझा जीव तुटतो. आमच्या वॉर्डातला ब्रदर नाईट करून घरी गेला की त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं जातं, मुलांना गप्प केलं जातं. सिस्टर घरी गेली की आधी कुकर लावते. डोळा लागतो न लागतो तोच गॅसवाला येतो, मग शाळेतून मुलं येतात, आणि दिवसाढवळ्या झोपते म्हणून बोलणीही तीच खाते. फारच झालं तर मी तिला विचारून घरी फोन करते. “काकू, रात्रभर वॉर्ड सांभाळून आलीय ती. तीनपर्यंत तिला हाक मारू नका, पोरांचं तेवढं तुम्ही बघा.” सासूबाई बहुतेक वेळा ऐकतात. त्यांना हे असं कुणी सांगितलेलंच नसतं.

ड्युटी लिस्ट माझ्या हातात आहे. नाईट उतरलेल्या मुलीला त्याच दुपारी मीटिंगला किंवा ट्रेनिंगला बोलवायचं नाही, हे माझ्या वॉर्डापुरतं मी ठरवून टाकलंय.