वडील गेले, बँकेने टीडीएस कापला. परतावा मागायचा कोणी?

साताऱ्यातले एक निवृत्त शिक्षक आहेत असं समजा. एप्रिल २०२५मध्ये ते दवाखान्यात होते, त्यामुळे बँकेत १५एच फॉर्म द्यायचा राहून गेला. ऑगस्टमध्ये ते वारले. तोपर्यंत पेन्शनचे २ लाख आणि मुदत ठेवीच्या व्याजाचे १ लाख २० हजार रुपये जमा झाले होते. व्याजावर १० टक्के दराने १२ हजारांचा टीडीएस कापला गेला. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणजे हे १२ हजार पूर्ण परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरल्याशिवाय ते येत नाहीत.

अनेक घरांत इथेच गडबड होते. वडिलांचा मोबाइल घरातच असतो, पासवर्डही मुलाला ठाऊक असतो. ओटीपी टाकून, वडील हयात असल्यासारखं रिटर्न भरलं जातं. कायद्याप्रमाणे हे रिटर्न कायदेशीर वारसाने स्वतः वारस म्हणून भरायचं असतं.

त्यासाठी वारसाने आयकर पोर्टलवर स्वतःच्या पॅनने लॉगइन करायचं. 'ऑथराइज्ड पार्टनर्स'मध्ये 'रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह' हा पर्याय असतो. मृताचं पॅन कार्ड, मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा अपलोड करायचा.

खरी दमछाक होते ती या पुराव्यासाठी. न्यायालयातून वारस दाखला काढायचा तर वेळ आणि खर्च दोन्ही आले. पण फॅमिली पेन्शनचं सरकारी प्रमाणपत्र किंवा नोंदणीकृत मृत्युपत्रही चालतं. म्हणून या उदाहरणात मुलाऐवजी आईच्या नावाने नोंदणी करणं सोपं. मंजुरी मिळाली की रिटर्न भरायचं आणि ३० दिवसांत पडताळणी करायची. त्यात १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतचंच उत्पन्न दाखवायचं. पुढचं व्याज वारसांच्या उत्पन्नात धरलं जातं.

वडिलांचं बँक खातं बंद करायची मात्र घाई नको. परतावा पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच जमा होतो. खात्याचा तपशील जुळला नाही तर तो अडकतो, मग 'रिफंड रीइश्यू'ची विनंती करत बसावं लागतं. पॅन कार्डही तोवर परत करू नये. आणि पैसे एकाच्या खात्यात आले म्हणून ते त्या एकाचेच होत नाहीत. भावंडांचाही त्यात वाटा असतो, हे आधीच बोलून घेतलेलं बरं.

या उदाहरणातलं रिटर्न उशिरात उशिरा ३१ डिसेंबर २०२६पर्यंत भरता येईल. मुदत हुकलीच, तर १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानुसार विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यासाठी करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांची मर्यादा आहे. अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मिळत नाही.