ब्लॉगचा पोशाख आणि ब्लॉगरची पत

२ डिसेंबर २०१० रोजी नासाने मोठा गाजावाजा करून पत्रकार परिषद घेतली. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरून वाढतो, इतकंच नव्हे तर आपल्या डीएनएतही आर्सेनिक बसवतो, असा तो दावा होता. निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकाचा आणि पाठीशी नासा, त्यामुळे बातमी जगभर पसरली. दोनच दिवसांनी व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी आपल्या ब्लॉगवर त्या निबंधाची कलमवार चिकित्सा केली. डीएनए पुरेसा शुद्ध न करताच मोजला आहे आणि जिवाणू ज्या द्रावणात वाढवला त्यात फॉस्फरसचा अंश होताच, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते.

त्यांचा ब्लॉग गूगलच्या ब्लॉगर या फुकट सेवेवर चालणारा, संशोधनाची टिपणं मांडण्यासाठी काढलेला. नंतर त्यांनी तो प्रयोग स्वतः करून पाहिला आणि त्याची प्रगती, अडचणींसकट, तिथेच लिहिली. २०१२ मध्ये ‘सायन्स’नेच त्यांच्या गटाचा निष्कर्ष छापला: या जिवाणूच्या डीएनएत आर्सेनिक सापडत नाही. जुलै २०२५ मध्ये मूळ निबंध नियतकालिकाने मागे घेतला. त्यात लबाडी झाल्याचा आरोप नव्हता आणि मूळ लेखकांचा या निर्णयाला विरोध होता, हेही नोंदवायला हवं.

हे उदाहरण हाताशी ठेवून, नव्या ब्लॉगरला सर्वांत आधी मिळणारा सल्ला तपासून पाहावा. ‘आधी डिझायनरकडून साइट बनवून घे. फुकटच्या टेम्पलेटवरचं लिखाण कोण खरं मानणार?’ या सल्ल्यावर अनेकांचे पहिले काही हजार रुपये खर्च होतात आणि लिहायचं मात्र राहून जातं. सल्ला सपशेल खोटा असता तर केव्हाच मागे पडला असता. त्यात थोडं तथ्य आहे, आणि ते नेमकं किती हे पाहण्यासारखं आहे.

त्याला आधार म्हणून बहुतेक वेळा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बी. जे. फॉग यांच्या गटाचा २००२ चा अभ्यास सांगितला जातो. २,६८४ लोकांना प्रत्यक्षातली संकेतस्थळं दाखवून, यातलं कोणतं विश्वासार्ह वाटतं आणि का, असं विचारलं होतं. ४६.१ टक्के अभिप्रायांत पानाच्या दिसण्याचा उल्लेख होता. आकडा खरा आहे. पण लोक बोलले ते मांडणी, अक्षरांचा आकार, रंगसंगती यांबद्दल. डिझाइन मुद्दाम बनवून घेतलेलं आहे की तयार साच्यातलं, हा त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. शिवाय हे मत सर्वसामान्य वाचकांचं. त्याच सुमारास आरोग्य आणि अर्थ या क्षेत्रांतल्या मोजक्या तज्ज्ञांनाही असंच विचारलं गेलं, तेव्हा त्यांच्या बोलण्यात दिसण्याचा उल्लेख कितीतरी कमी आला. माहिती कुठून घेतली आहे, मागे कोणाचं नाव आहे, सांगणाऱ्याचा हेतू काय, हे ते पाहत होते. विषय जितका ठाऊक, तितकी नजर कपड्यांवरून लवकर हटते.

दुसरा हमखास सांगितला जाणारा आकडा म्हणजे ५० मिलिसेकंद. ‘वाचक डोळ्याचं पातं लवायच्या आत तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो’, असं ठासून सांगितलं जातं. हा आकडा गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला आहे. त्यात लोकांना विचारलं होतं ते पान दिसायला किती आकर्षक वाटतं एवढंच. विश्वासाचा प्रश्न तिथे नव्हता. देखणं वाटणं आणि खरं वाटणं यांचं नातं आहे, पण दोन्ही एकच नव्हेत. अभ्यासातून एक वाक्य उचलायचं आणि त्याचा विषयच बदलून टाकायचा, हा प्रकार जाहिरातवजा लेखांत फार चालतो.

मग तथ्य किती? एकच मजकूर नेटक्या आणि ओबडधोबड अशा दोन रूपांत दाखवला, तर नेटक्या रूपातला मजकूर लोकांना अधिक विश्वासार्ह वाटतो, असं डेव्हिड रॉबिन्स आणि जेसन होम्स यांनी २००८ च्या निबंधात दाखवलं आहे. म्हणजे गबाळेपणाची किंमत मोजावी लागते. पण आज नेटकेपणासाठी पैसे मोजावेच लागतात असं नाही. २००४ मध्ये ब्लॉगर सेवेने डग्लस बोमन यांच्यासारख्या नावाजलेल्या डिझायनरांकडून तयार साचे करून घेतले आणि ते सर्वांना फुकट दिले. २००५ मध्ये वर्डप्रेसबरोबर ‘क्युब्रिक’ हा निळ्या शीर्षपट्टीचा साचा आला आणि वर्षानुवर्षं असंख्य ब्लॉग त्याच एका चेहऱ्याने वावरले. आज जगातल्या संकेतस्थळांपैकी ४० टक्क्यांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. समोरचं नीटनेटकं पान कुणी लाखभर देऊन घडवून घेतलं की दोन क्लिकांत निवडलं, हे वाचकाला बहुधा कळतही नाही.

गणितज्ञांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. फील्ड्स पदक मिळवलेले टेरेन्स ताओ आणि टिमोथी गॉवर्स, दोघेही वर्डप्रेस डॉट कॉमवर लिहितात. गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये आपल्या ब्लॉगवर एक आवाहन केलं: गणितातला एक अवघड प्रश्न सगळ्यांनी मिळून, उघड्यावर सोडवता येईल का? लोक प्रतिक्रियांच्या रकान्यात अर्ध्याकच्च्या कल्पना मांडू लागले, चुका दाखवू लागले, आणि दीड महिन्याच्या आत वाट सापडली. तो निबंध ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामूहिक टोपणनावाने २०१२ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापून आला. गणितातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी हे एक.

यावर कुणी म्हणेल, त्यांची नावं आधीच मोठी होती. रास्त शंका आहे. म्हणून बिननावाच्या माणसाकडे पाहू. २००३ मध्ये इराकवर हल्ला होत असताना बगदादमधून ‘सलाम पॅक्स’ या टोपणनावाने कुणीतरी ब्लॉगस्पॉट या फुकट सेवेवर रोजचं जगणं लिहीत होतं. हा माणूस खरा आहे की कुणा गुप्तचर यंत्रणेने उभा केलेला, यावर जगभर वाद चालला. त्या वादाचा निकाल डिझाइनने लावला नाही. पीटर मास या अमेरिकी पत्रकाराच्या लक्षात आलं की ब्लॉगमधले काही प्रसंग आपल्याच ओळखीचे आहेत. बगदादमध्ये आपला दुभाषा म्हणून काम करणारा तरुणच सलाम पॅक्स होता. आठ वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच ब्लॉगस्पॉटवर दमास्कसमधली एक तरुणी सीरियातल्या उठावाबद्दल लिहू लागली. तिचं अपहरण झाल्याची बातमी आली, जगभरचे लोक हळहळले. पत्रकार शोध घेऊ लागले तेव्हा तिचा म्हणून फिरणारा फोटो लंडनमधल्या भलत्याच स्त्रीचा निघाला आणि लिहिणारा निघाला एडिनबरात शिकणारा अमेरिकी पुरुष. सेवा तीच, फुकटचं घर तेच. एकात खरा माणूस राहत होता, दुसऱ्यात रचलेला.

‘साइट इतकी व्यवस्थित आहे म्हणजे माणसं खरी असणार’ हा उलट बाजूचा गैरसमज मात्र केवळ खर्चीक नाही, धोक्याचा आहे. २०२२ मध्ये ‘ईयू डिसइन्फो लॅब’ या संस्थेने ‘डॉपलगँगर’ नावाने ओळखली जाणारी रशियन मोहीम उघड केली. जर्मनीचं ‘बिल्ड’, ब्रिटनचं ‘गार्डियन’ अशा वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांची हुबेहूब नक्कल करून तिथे बनावट बातम्या टाकल्या जात होत्या. बोधचिन्ह, अक्षरं, रंग सगळं अस्सल. फरक फक्त पत्त्यात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या मोहिमेशी जोडलेली ३२ डोमेन जप्त केली.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डचे पदवीचे विद्यार्थी, इतिहासाचे विद्वान आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांची केलेली तुलना इथे आठवते. बालरोगतज्ज्ञांची हजारो सदस्यांची मुख्य संघटना आणि तिच्यातून फुटलेला छोटा गट, या दोघांची पानं त्यांना दाखवली. दोन्ही सारखीच रुबाबदार. बहुतेक विद्यार्थ्यांना छोट्या गटाचं पान जास्त भरवशाचं वाटलं आणि विद्वानही अडखळले. तथ्यतपासनीस मात्र पान वाचत बसले नाहीत. ते लगेच बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते त्यांनी शोधलं.

ब्राउझरमध्ये संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचंही तेच. ते चिन्ह फक्त एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कुणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलं आहे, याबद्दल ते काही सांगत नाही. गूगलच्याच २०२१ च्या पाहणीत अवघ्या ११ टक्के लोकांना कुलपाचा अर्थ नीट कळला होता. २०२३ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरने ते चिन्हच बदललं.

मराठीत लिहिणाऱ्याने रूपाकडे लक्ष द्यावं अशी जागा वेगळीच आहे, आणि तिच्याकडे दुर्दैवाने फार थोड्यांचं लक्ष जातं. बहुतेक साचे रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनलेले असतात. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून त्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. तेच देवनागरीला लागू झालं की शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. दोन्हींचा उपाय म्हणजे सेटिंगमधले एकदोन आकडे बदलणं. त्याला डिझायनर लागत नाही, देवनागरी वाचणारा डोळा लागतो.

‘ल’ आणि ‘श’चं तसंच. मराठीत ही अक्षरं हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाने लिहिण्याची रीत आहे, आणि काही देवनागरी फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात. पान मराठीत आहे असं ब्राउझरला सांगितलं तरच असा फाँट मराठी वळण उचलतो. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की ही खूण पानावर बसते. कितीतरी मराठी ब्लॉगांवर ती आजही इंग्रजीच राहिली आहे.