परसबागेचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

निवासी शाळेच्या परसबागेची मोठी अडचण जागेची वा पाण्याची नसून वेळापत्रकाची आहे, असे आम्हांस वाटते. चंद्रपूर-गडचिरोलीत मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. म्हणून विदर्भातील शाळा राज्यातील इतर शाळांनंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मृग नक्षत्र मात्र 7-8 जूनला लागते आणि पाऊस साधारणतः महिन्याच्या मध्यावर येतो. दोडकी, कारली, चवळी टोकण्याची वेळ होते तेव्हा वसतिगृह रिकामे असते. हिवाळी रोपांची लावणीही नेमकी दिवाळीच्या सुटीच्या तोंडावर येते. ‘सुटीनंतर पाहू’ म्हटले की भाजी महिनाभर मागे पडते आणि मुलांच्या ताटात तेवढे दिवस डाळ आणि बटाटाच येतो.

यासाठी प्रत्येक काम ते करण्याच्या तारखेखाली न लिहिता त्याची तयारी सुरू होण्याच्या तारखेखाली लिहावे. जूनच्या खताचे काम फेब्रुवारीतील पानगळीचे आहे. आवारातील पाला जाळू नये. वणव्याच्या दिवसांत तर मुळीच नाही. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून ‘नाडेप’ म्हणून ओळखले जाणारे टाके 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच असते; भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवलेली असतात. पाला, शेण व माती यांचे थर देऊन ते भरले आणि ओल टिकविली, तर तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. फेब्रुवारीत भरलेले टाके पावसापूर्वी हाती येते, एप्रिलमध्ये भरलेले येत नाही. फळझाडांच्या आळ्यांत पाल्याचे आच्छादन घालणे आणि उन्हाळ्यात पाण्याची पाळी कोणाची हे ठरविणे, ही दोन्ही कामे वार्षिक परीक्षेपूर्वीच उरकावीत.

येथे नक्षत्रांचा उल्लेख फलज्योतिषासाठी नव्हे. सूर्य एका नक्षत्रात सुमारे साडेतेरा दिवस असतो, एवढाच त्या गणनेचा अर्थ. मृग, आर्द्रा, हस्त ही नावे आमच्या विद्यार्थ्यांच्या शेतकरी घरांत रोजच्या बोलण्यातली आहेत, मग ती टाकावीत कशाला? बी मात्र नाव पाहून नव्हे, जमिनीची ओल पाहून टोकावे.

मुले परततात तेव्हा कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. तो वेचून, सुकवून ठेवणे हे त्यांचे पहिले काम. पुढे कीड दिसली की अर्धा किलो निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून, 10 लिटर पाण्यातून फवारता येतो. अतिवृष्टीत मिरची व पपईच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये. गादीवाफे आणि चर आधीच काढलेले असावेत.

वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपे चार-पाच आठवड्यांत लावणीयोग्य होतात. बी सप्टेंबरच्या आरंभी टाकले, तर हस्त संपता संपता लावणी होते आणि रोपे सुटीपूर्वी मूळ धरतात. मेथी, पालक, सांभार एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरावे. नाहीतर एक आठवडा मेथीच मेथी आणि पुढे काहीच नाही.

दरवर्षी दहावीचे विद्यार्थी जातात आणि त्यांच्याबरोबर बागेची माहितीही जाते. म्हणून पहिल्या पावसाची तारीख, पेरणी, उगवण, पहिली तोडणी यांची नोंदवही नववीच्या हाताने लिहून घ्यावी. वाल, दोडके, भोपळा यांचे वाळविलेले बी राखेत मिसळून बरणीत भरावे, आणि बरणीवर वाणाचे नाव व वर्ष लिहूनच ती वही पुढच्या तुकडीकडे द्यावी.